थंडी सरताना मुलांना बाहेर मोकळं सोडावं, की यादी देऊन न्यावं?

मातीतला: लेकाच्या शाळेने ‘वसंताची खूणयादी’ पाठवली आहे. कळी, पक्षी, फुलपाखरू. दिसलं की बरोबरची खूण करायची. चार-पाच वर्षांच्या पोराच्या हातात हे देणं मला पटत नाही. या दिवसांत बाहेर सगळंच अर्धवट असतं, आणि खरी मजा त्यातच असते. यादी घेऊन फिरणारे ज्या फांदीला वाळकी समजून पुढे जातात, तिच्यावरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, थंड मुलखातल्या पानगळीच्या झाडांत आदल्या उन्हाळ्यातच धरलेले असतात. एक डोळा नखाने उभा चिरू द्या. खवल्यांच्या आत इवली पानं घड्या घालून बसलेली दिसतात.

शंकासुर: वर्गातल्या प्रत्येकाने एकेक डोळा चिरला तर त्या झाडाला वसंत येणार कधी?

बालवाडीताई: यादीला नावं ठेवणं सोपं आहे. दोन मोठी माणसं आणि वीसेक पोरं बाहेर नेऊन बघा. यादी मुलांपेक्षा आमच्यासाठी जास्त असते. निदान सगळे एका दिशेने चालतात. हाच काळ फसवा असतो. तळ्यावरचा बर्फ दिसायला तेवढाच जाड, पण उन्हाने आतून पोकळ झालेला. पारा चार-पाच अंशांच्या वर गेला की गोचिडंही हलायला लागतात.

मातीतला: तळ्याबद्दल वादच नाही, तिथे हात धरूनच न्यायचं. गोचिडासाठी मात्र पोराला घरात कोंडायला नको. गोचिडामुळे होणाऱ्या लाइम या आजाराचे जंतू अंगात जायला गोचीड बहुतेकदा दिवसभराहून जास्त चिकटून राहावं लागतं. म्हणून संध्याकाळी काखा, कानामागे, गुडघ्याची मागची बाजू, केसांत नीट बघायचं.

दोन लेकरांची आई: आमच्या धाकट्याला झाडांच्या परागकणांचा त्रास आहे. पालवी फुटायच्या आधीच त्याचे डोळे लाल. ‘मातीत खेळलं की सगळं बरं होतं’ असं कुणी सांगितलं की चिडच येते.

चष्मेवाला: सगळं बरं होत नाही, पण डोळ्यांच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आलेली मुलं 30.4 टक्के, ज्यांना नेलं नाही त्यांच्यात 39.5. निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. बाहेरचा उजेड ढगाळ दिवशीसुद्धा खोलीतल्यापेक्षा कितीतरी पट असतो, आणि त्यासाठी यादी लागत नाही.

बालवाडीताई: पण ती 40 मिनिटं म्हणजे शाळेने वेळापत्रकात घातलेला तास होता! मोकळं सोडून दिलेलं नव्हतं. तुमचा पुरावा माझ्याच बाजूने आला की.

मातीतला: तास मान्य, यादी नाही. ओला दगड उलटा करा. खाली राखाडी, 14 पायांचे जीव असतात. त्यांतल्या काहींना बोट लावलं की गोळी होते. दिसायला किडे, पण नातं खेकडा-कोळंबीशी. पोर पालथं पडून ती गोळी पुन्हा उलगडायची वाट बघत बसतं. यादीत ‘किडा’ लिहिलेलं असतं, खूण केली की पोर उठलं.

बालवाडीताई: आणि दगड होता तसा हळूच परत ठेवायचा, हे कोण सांगणार? बेडकाची अंडी बरणीत भरून वर नळाचं पाणी ओतणारी पोरं पाहिली आहेत मी. त्या पाण्यातल्या क्लोरीनने पिल्लं मरतात. अशा वेळी गप्प बसून कसं चालेल?

मातीतला: तिथे बोलाच. चौकटी काढा आणि कोरा कागद द्या, एवढंच म्हणणं आहे.

बालवाडीताई: दिला होता. अर्ध्या पोरांनी विमानं केली.