धावण्याआधी गोल करून 'आजचा मूड दहापैकी किती?' विचारणं बंद करा

शेवटचा_पेसर

आमचा रनिंग ग्रुप अठरा ते पंचवीसवाल्यांचा आहे, फी नाही, टायमिंगची भानगड नाही, आणि मी त्यात सगळ्यात मागचा पेसर, म्हणजे जो शेवटी असेल त्याच्याबरोबर राहायचं एवढंच माझं काम. ग्रुप निघाला तोच मुळी मेंटल हेल्थसाठी. आता नवीन टूम अशी की वॉर्मअपच्या आधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने आजचा मूड दहापैकी किती ते सांगायचं. मी विरोध केला तर 'तुला भावनांची ॲलर्जी आहे का' वगैरे सुरू झालं, म्हणून इथे धागा काढतोय.

होतं काय तर पहिला म्हणतो सात. मग दुसरा सात, तिसरा आठ. ज्याचा खरोखर दोन आहे तोही सातच म्हणतो, कारण सगळे बघतायत. आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. हाच पोरगा मागे माझ्याबरोबर रमतगमत पळताना अर्ध्या वाटेत आपणहून बोलायला लागतो, घरी काय चाललंय, परीक्षा का दिली नाही, झोप कशी उडालीय. तिथे कोणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, दोघंही समोर बघत असतो, आणि मधेच गप्प झाला तरी दम लागला असेल म्हणून खपून जातं.

धावायच्या ग्रुपने धावणं नीट करावं हो. पेस असा की अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, पुढचे गडी वळून मागे येतात आणि शेवटच्याला घेऊन परत पुढे जातात, नवीन कोणी आला तर एक मिनिट पळ एक मिनिट चाल. कोणी दिसेनासा झाला तर 'काय रे, येतोयस ना' एवढा मेसेज. बाकी ज्याला मन मोकळं करायचंय तो करेल, ज्याला नुसता घाम गाळायचाय त्याला गाळू द्या. बिनधास्त लिहा, फक्त पळून भारी वाटतं ते ज्या रसायनामुळे म्हणतात त्या एंडॉर्फिनचं कीर्तन नको.

उलटतपासणी

पूर्ण असहमत.

तुमच्याशी जो बोलतो तो मुळात बोलका आहे किंवा तुम्ही त्याला आवडता. जो हेडफोन घालून सगळ्यांच्या पुढे जातो, संपवतो आणि कोणाशी न बोलता निघतो त्याचं काय? तो तुम्हाला दिसतच नाही कारण तुम्ही मागे आहात!! तुमच्या सिस्टीममध्ये हळू पळणाऱ्याला माणूस मिळतो आणि जोरात पळणाऱ्याला काहीच नाही, आणि 'सक्ती नको' म्हटलं की आपण सुटलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांत १५ ते २९ वयाच्या मृत्यूंच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या नंबरला आहे. या वयाच्या पोरांचा ग्रुप चालवायचा, नाव मेंटल हेल्थचं लावायचं आणि विषय मात्र काढायचा नाही, मग साधा जॉगिंग क्लब म्हणा की. आणि विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो ही जी भीती लोकांना असते ती खोटी आहे, थेट विचारलं तर उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. गोल बावळट दिसत असेल पण निदान 'इथे हे बोललं तरी चालतं' एवढं तरी त्यातून कळतं.

बिनबुटाचा

पेसरला +१. आमच्याकडे गोल सुरू झाला आणि मी दहा मिनिटं उशिरा यायला लागलो. बरेच जण उशिरा यायला लागले. मग गोलच उशिरा करायला लागले 😄

आकडेमोड

एंडॉर्फिन नको म्हणालात ते बरं केलंत. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरतच नाही. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा मार्ग बंद करणारं औषध दिलं तरी त्यांना पळून आल्यावर तसंच भारी वाटलं, त्यामुळे हल्ली शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड्सकडे, म्हणजे गांजातल्या द्रव्यांसारखं काम करणाऱ्या रसायनांकडे बोट दाखवतात.

पण मुद्द्याचा अभ्यास ॲमस्टरडॅमचा, २०२३ ला छापून आला. डिप्रेशन किंवा ॲन्झायटी असलेले १४१ लोक, त्यांना निवड दिली, सोळा आठवडे गोळ्या घ्या किंवा सोळा आठवडे ग्रुपबरोबर धावा, आठवड्यातून दोनतीनदा पाऊण तास. ४५ जणांनी गोळ्या घेतल्या, ९६ जणांनी धावणं. शेवटी दोन्हीकडे साधारण ४४ टक्के लोक आजाराच्या निकषातून बाहेर आले. धावणाऱ्यांचं वजन, बीपी वगैरे सुधारलं, गोळ्यावाल्यांचं थोडं बिघडलं. लोक एवढंच फॉरवर्ड करतात. पुढची ओळ कोणी वाचत नाही: गोळ्या ठरल्याप्रमाणे घेणारे ८२ टक्के होते आणि धावणं ठरल्याप्रमाणे करणारे फक्त ५२ टक्के. म्हणजे धावणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते झेपलं नाही, आणि हे बहुतेकांनी स्वतः निवडलेलं असून.

तेव्हा ग्रुपमध्ये कुठलीही गोष्ट आणताना एकच बघा, याने पोरं पुढच्या वेळी येतील की कमी होतील. गोलाने कमी होत असतील तर गोल कितीही चांगल्या मनाने काढलेला असो, जाऊ दे तो.

मधली_फळी

वरचा अभ्यास मला ग्रुपमधल्या एकाने पाठवला होता आणि खाली लिहिलेलं 'बघ, गोळ्यांची गरजच नाही'. मी गोळ्या घेते. धावते पण. त्या गोळ्यांमुळेच सकाळी उठून बुटाची नाडी बांधण्याइतकी ताकद आली, त्याआधीच्या काळात मला कोणी ग्रुपमध्ये ये म्हटलं असतं तर मी फोन बंद करून ठेवला असता. तुम्ही गोल करा नाहीतर चौकोन करा, पण डॉक्टरला न विचारता कोणी गोळ्या सोडायला सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. या गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर, मळमळ, झोपेचा बोऱ्या, चिडचिड, काय काय होतं ते बघितलंय मी, डोस उतरवत उतरवतच सोडायच्या असतात.

आकडेमोड

@मधली_फळी शंभर टक्के. आणि त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून वाटणी फार थोड्यांची केली होती, बहुतेकांनी आपल्या आवडीचं घेतलं, त्यामुळे 'धावणं बरोबर गोळी' असा निष्कर्ष त्यातून निघत नाहीच.

किरकिऱ्या

पण धावणंच का? २०२४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा आला, डिप्रेशन आणि व्यायामावर, त्यात चालणं-जॉगिंग चांगलं निघालंच पण योगा आणि वजनं उचलणं पण निघालं, आणि लोक सोडून जाण्याचं प्रमाण त्या दोघांत कमी होतं. धावणाऱ्या लोकांना वाटतं जगातले सगळे प्रश्न धावून सुटतात. ज्याला पळायचा तिटकारा आहे, शाळेत पीटीच्या तासाला ज्याचं हसं झालंय, त्याला तुम्ही परत त्याच मैदानात उभं करताय आणि वर मूड विचारताय.

शेवटचा_पेसर

@किरकिऱ्या योगाला चटई, वजनाला जिम, पळायला काही लागत नाही, म्हणून धावणं, बाकी काही धर्म नाही आमचा. चालणारे पण येतात आमच्यात.

@उलटतपासणी जोरात पळणाऱ्यांबद्दल म्हणालात ते बरोबर आहे, पण त्याचा उपाय पुढे पण एक कान असलेला पेसर ठेवणं हा आहे. थेट विचारायला माझा विरोध कुठाय? एकट्याला बाजूला घेऊन 'तू बरा नाही दिसत, जीव नकोसा होतो का कधी' हे विचारणं वेगळं आणि सगळ्यांच्या समोर आकडा मागणं वेगळं. तुम्ही पहिल्याच्या नावाने दुसरं खपवताय.

निम्मी_झोप

गोल बिल नंतर. पहाटे साडेपाचला का बोलावता??? या वयात शरीराचं घड्याळच उशिराचं असतं, टीनएजमध्ये ते पुढे पुढे सरकतं आणि विशीच्या आसपास सगळ्यात उशिरावर असतं, मग हळूहळू परत मागे येतं. ज्या पोराला तीन वाजेपर्यंत झोप लागत नाही त्याला साडेपाचला उभं केलं की त्याची उरलीसुरली झोप पण गेली, आणि झोप गेली की मूड दहापैकी किती ते मी इथे बसून सांगते, उणे चार. संध्याकाळी ठेवलंत तर निम्मे प्रश्न मिटतील, पण नाही, रनर लोकांना सूर्योदयाचे फोटो पाहिजेत.

बिनबुटाचा

सूर्योदयाचा फोटो 😂😂 लागला जिव्हारी

ओल्ड_शूज

मी सोडलेल्यांपैकी. माझी नडगी दुखायला लागली, डॉक्टरने हाडाला बारीक चीर आहे म्हणून दीडदोन महिने पळणं बंद सांगितलं. त्याच्या आधी मी खाणं मोजूनमापून करत होते, पाळी पण बंद झाली होती, आणि ग्रुपमध्ये सगळे म्हणत होते काय भारी फिट झालीयस. ॲपवर रोजचा रन टाकायचा, त्यावर अंगठे यायचे, एक दिवस टाकला नाही तर आपण कोणीच नाही असं वाटायचं. कमी खाऊन जास्त पळणाऱ्यांत पाळी जाणं, हाडं कमजोर होणं, मूड जाणं हे सगळं एका माळेतलं असतं हे मला नंतर डॉक्टरने समजावलं, पण शेजारी पळणाऱ्या एकाला तरी माहीत असायला हवं होतं ना.

आणि पळणं बंद झालं त्या दिवशी मित्र पण बंद झाले. कोणी वाईट नव्हतं, पण सगळ्या गप्पा पळतानाच व्हायच्या, मी पळत नव्हते तर मी कुठे असणार? पेसर, तुमचं ते समोर बघत बोलणं वगैरे छान आहे, पण ते सगळं पायावर टांगलेलं आहे. गोलात मी निदान उभी तरी राहू शकले असते.

शांताबाईंची_नात

मी कौन्सेलर आहे, याच वयाच्या मुलामुलींबरोबर काम करते, त्यामुळे लांबलचक लिहिणार, वाचा नाहीतर सोडा. मानसिक आजारांपैकी साधारण पाऊण भाग चोविशीच्या आत सुरू झालेले असतात, म्हणून या वयाचा ग्रुप असणं मला फार मोलाचं वाटतं, हे आधी.

गोलाबद्दल पेसरशी सहमत. आम्ही डिप्रेशनची चाळणी लावतो ती नऊ प्रश्नांची असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, ज्याची त्याने कागदावर एकट्याने भरायची असते, आणि त्यातही आकडा जास्त आला म्हणजे निदान झालं असं नाही, पुढे बोलावं लागतं. चारचौघांत 'दहापैकी किती' यातून काहीही कळत नाही. आणि समजा एखाद्याने खरंच 'एक' म्हटलं तर पुढे काय? सगळे 'ओह' म्हणणार आणि वॉर्मअप सुरू? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

पण पेसर, मला तुमचीच जास्त काळजी वाटते. मागे पळताना पोरं तुमच्यापाशी जे बोलतात ते तुम्ही कुठे नेता? 'कोणाला सांगू नकोस' असं म्हणून बोलायला सुरुवात झाली की बहुतेक पेसर हो म्हणून बसतात. हो म्हणू नका. आधीच सांगा, बाकी सगळं माझ्यापाशी राहील पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी एकटा हे ठेवणार नाही, तुझ्याबरोबर येईन पण कोणालातरी सांगू. आणि ते कोणीतरी कोण, तो नंबर आज तुमच्या फोनमध्ये पाहिजे, त्या दिवशी शोधायला बसू नका. तसा प्रसंग आलाच तर धावणं तिथेच थांबवायचं आणि मदत मिळेपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही.

@ओल्ड_शूज, तुमचं वाचून थांबले. ग्रुपवाल्यांनी 'फिट दिसतेस, बारीक झालास' ही वाक्यं बंद केली तरी खूप होईल.

शेवटचा_पेसर

@शांताबाईंची_नात नंबर आहे, 'सांगू नकोस'वालं मात्र आमच्यात कोणाला धड शिकवलेलं नाही, पुढच्या पेसर मीटिंगला हेच घेतो. फक्त एक लक्षात घ्या, आमचे निम्मे पेसर स्वतः बावीस-तेवीसचे आहेत, त्यांच्यावर किती ओझं टाकायचं यालाही लिमिट आहे, पळवायला आलेल्या पोराला आपण अर्धवट थेरपिस्ट करून टाकतो.

@ओल्ड_शूज ज्यांना दुखापत आहे त्यांनी पाण्याच्या टेबलावर उभं राहायचं, हजेरी घ्यायची, शेवटी सगळ्यांबरोबर बसायचं, असं चालू करता येईल. टाइमपास काम वाटू नये म्हणून दर वेळी कोणीतरी धडधाकट पण तिथे ठेवू. ॲपवर रन टाकणं बंद करायला सांगितलं तर निम्मे भांडतील, पण ग्रुपच्या नावाने जे रँकिंग लागतं ते काढायला मी आजच सांगतो.

@निम्मी_झोप संध्याकाळच्या बॅचला पेसर पाहिजेत. येतेस का?

उलटतपासणी

म्हणजे मीटिंग, नंबर, हजेरी, एकट्याला बाजूला घेऊन विचारणं, हे सगळं येणार, फक्त गोल नको. मग 'नुसतं धावणं नीट करा' हे तुमचं पहिलं वाक्य राहिलं कुठे? मला अजूनही वाटतं की विषय सगळ्यांसमोर एकदा तरी निघाला पाहिजे. आकडा नका मागू, पण सुरुवातीला पेसरने उभं राहून दोन वाक्यं बोलावीत की इथे कोणाला जड जात असेल तर अमक्याशी बोला. ते पण नको असेल तर का नको ते सांगा.

निम्मी_झोप

किती वाजता ते आधी सांगा. साडेसहाच्या आत असेल तर पहाट समजेन.