मदत हवी आहे : निमंत्रितांच्या स्पर्धेसाठी जंपचा क्रम बदलावा का?

मंडळी, माझ्या बहिणीला सीनिअर फिगर स्केटिंगच्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेचं बोलावणं आलंय. शॉर्ट प्रोग्राम (छोटा कार्यक्रम) नाही, फक्त फ्री स्केट (मोठा कार्यक्रम), आणि चौघांचे गुण एकत्र करून संघाचा निकाल. गुणपद्धत नेहमीची आयएसयूचीच (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची), हे आयोजकांकडून पक्कं करून घेतलंय.

अडचण ट्रिपल लुट्झ-ट्रिपल टो लूपची, म्हणजे लागोपाठ घ्यायच्या तीन-तीन गिरक्यांच्या दोन जंपच्या जोडीची आहे. फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन जंपना १० टक्के बोनस मिळतो, म्हणून ही जोडी तिथे ठेवलीय. मूळ किंमत १०.१०, बोनस १.०१. पण तोवर पाय जड होतात, लुट्झच्या आधी स्केटच्या पात्याची बाहेरची कड सुटते आणि टो लूपला उंचीच मिळत नाही. पडली तर जीओईचे (जंप किती चांगला झाला त्याचे गुण) २.९५ आणि वजावटीचा १ गुण गेला. जोडी सुरुवातीला आणून डबल अ‍ॅक्सल शेवटी नेला तर तोटा जेमतेम ०.६८, कारण अ‍ॅक्सलला तिथे ०.३३ बोनस मिळतो. संघासाठी मला हाच हिशोब पटतो.

दमसास वाढवायला पूर्ण प्रोग्राम लागोपाठ करून पाहिला. लुट्झ सुधारला, टो लूप नाही. प्रोग्रामबाहेर एकटी केली तर जोडी मात्र छान बसते. संगीत देऊन झालंय, ते बदलता येणार नाही. सरावाचा बर्फ इतरांसोबत वाटून मिळतो, हाताशी थोडेच आठवडे आहेत. प्रशिक्षक दोन्हीला तयार आहेत.

स्पर्धेच्या तोंडावर असा क्रम कुणी बदललाय का? नवा क्रम अंगवळणी पडायला किती वेळ लागला, आणि शेवटी गेलेला अ‍ॅक्सल बिघडला का?