आजोबांची १९६९ ची जीप: विंटेज नोंदणी की साधं पासिंग?

केळीवाला, सावद्याजवळ

राम राम मंडळी. आमच्याकडे आजोबांची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे, ती उंच बॉनेटवाली. आरसी बुकात पहिली नोंद १९६९ ची, इंधन पेट्रोल, नंबर जुना तीन अक्षरी. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी भुसावळला नेऊन तिच्यात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. नोंद कुठेच केली नाही. त्या काळी खानदेशात कोण करत होतं म्हणा! मूळ पेट्रोल इंजिन खळ्यात पत्र्याखाली पडलेलं आहे, पण पार जाम.

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, गाडी अजून त्यांच्याच नावावर. पासिंग कधीच संपलंय. एक एजंट म्हणतो, "विंटेजमध्ये टाकू, बठ्ठं जमी जाई, फक्त चाळीस हजार द्या." माझं म्हणणं एवढंच, की जीप मळ्यात, बाजाराला आणि घरच्या लग्नाकार्याला नेता आली पाहिजे. विंटेज केल्यावर नेता येईल ना? आणि डिझेल इंजिनाचं काय करायचं? घरात रोज यावरून वाद चालू आहे. काकांचं एकच, भंगारात द्या.

येझदीवाला, धुळे

भंगारात देऊ नका हो, पाप लागेल! विंटेजच करा. एमएच व्हीए असा नंबर मिळतो, रस्त्यात माणसं थांबवून विचारतात.

पारोळ्याचा मिस्तरी

येझदीवाले भाऊ, व्हीएचा नंबर नव्याने नोंदणाऱ्या गाडीला. ज्याच्याकडे आधीचं आरसी बुक आहे त्याला जुना नंबर राखता येतो. आणि या जीपची खरी शान त्या तीन अक्षरी नंबरातच आहे, ती कशाला घालवायची?

आता केळीवाल्या दादाचं. तुमचा एजंट अर्धंच सांगतोय. विंटेजचे नियम केंद्राने जुलै २०२१ मध्ये आणले, केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-ए पासून पुढे वाचा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी हवी. तिथे तुम्ही पास. पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. राज्याची समिती गाडी बघते. बॉनेट उघडल्यावर पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन दिसलं की विषय संपला.

समजा तेही जमलं. विंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे केळीचे घड नाहीत, सावद्याचा बाजार नाही. भाच्याच्या वरातीत नेलीत आणि कोणी हटकलं तर ही रॅली आहे म्हणून सांगणार का? सरकारी फी नव्या नोंदणीला २०,०००, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. चाळीस हजारांतले बाकीचे कुठे जातात ते एजंटलाच विचारा.

तुम्हाला हवंय ते साधं पासिंग. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवता येते. फॉर्म २५ भरायचा. चारचाकीची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड, तो आकडा आरटीओतच काढून घ्या. काकांना एवढं सांगा, की दहा-पंधरा वर्षांत गाडी बंद हा प्रकार दिल्लीकडचा आहे, आपल्या जळगावात नाही.

पण इंजिनाची अडचण इथेही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीतल्या कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. दंड एक वेळ भरता येईल. पण कागदावर पेट्रोल, गाडीत डिझेल, इंजिन नंबर तिसराच, आणि अशात कोणाला धडक बसली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मग केळीचा पैसा कोर्टात जाईल. पेट्रोलचं डिझेल करून नोंदवून देतो म्हणणाऱ्याच्या तर नादीच लागू नका.

म्हणून माझं मत, मूळ इंजिन पुन्हा चढवा. आरसीतला इंजिन नंबर त्याच्यावर आहे का, ते आधी बघा. चेसिसवर वर्षानुवर्षांचा चिखल, ग्रीस आणि वर मारलेला ऑइलपेंट असेल. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घ्या. ग्राइंडर लावायचा नाही! एक आकडा पुसला गेला तर आयुष्यभर खुलासे देत बसाल. नंबर मोकळा झाला की कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या.

काळा कोट, चोपडा

मिस्तरी बरोबर सांगताहेत. फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी गाडी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे, तुमचा उशीर झालाय, तो दंडात निघेल. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकी वारसांची ना-हरकत लागेल. काका भंगार म्हणताहेत ना, त्यांची सही आधी घ्या. गाडी रंगवून उभी राहिली की सगळ्यांना तिची आठवण येते. बुक इतकं जुनं आहे तर गाडी संगणकावर नसेलच; ती बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या बुकातली माहिती संगणकावर चढवणं, करून घेतल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकणार नाही.

केळीवाला, सावद्याजवळ

काका सही द्यायला तयार आहेत, पण म्हणतात वरातीत पुढच्या सीटवर मीच बसणार. बसू द्या! मिस्तरी, चेसिसचा नंबर निघाला, बुकाशी जुळतो. जाम इंजिनावरचाही जुळला. आता ते सोडवायचं कसं?

पारोळ्याचा मिस्तरी

मग निम्मं काम झालं. प्लग काढा, चारही भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओता, आठवडाभर मुरू द्या, मधून मधून परत ओतत रहा. मग इंजिन फिरवायच्या हँडलने हळूहळू मागे-पुढे हलवा, हातोड्याने ठोकू नका. मोकळं झालं तरी जुनं ऑइल काढून ऑइलचं चेंबर धुतल्याशिवाय चालू करू नका. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. उलटा झटका आला तर मनगट जातं.