टाचदुखीला मापाचे इनसोल बनवून घ्यावेत का? खर्च बराच सांगतायत

पोळीवाली_ताई
नमस्कार मंडळी, सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, जरा चाललं की कमी होते आणि दुपारी बसून उठलं की परत तेच. माझं घरगुती पोळीभाजी केंद्र आहे त्यामुळे पहाटेपासून ओट्यापाशी उभी ती डबे जाईपर्यंत. एक्सरेत टाचेचं हाड वाढलंय म्हणाले, गोळ्या दिल्या, गोळी आहे तोवर बरं. मग मेडिकलमधून सिलिकॉनचे हील कप आणून चालायच्या बुटात घातले पण फरक काही नाही. आता एक जण म्हणतोय पायाचं माप घेऊन बनवून घे, पण ते पाच हजाराच्या पुढे जातंय. कोणी वापरलेत का?

भटक्या_नाशिककर
ताई, हील कप घालताना बुटातला मूळचा सुखतळा काढला होता का? बऱ्याच जणांचं तिथेच गंडतं. पूर्ण लांबीचा इनसोल असेल तर जुना काढूनच घालायचा, नाहीतर पाय वर येतो आणि टाच बुटातून निसटते. हील कप मात्र सुखतळ्याखाली किंवा वर, जसा बसेल तसा. आणि एकच टाच दुखत असली तरी दोन्ही बुटांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते. पहिले काही दिवस तास-दोन तासच, मग वाढवा. मला कमानीला आधार देणारे तयार इनसोल मानवले, पण ट्रेकला, घरी नाही.

पोटरी_ताणा
मी फिजिओ आहे, पण पाय न बघता निदान करत नाही हे आधीच सांगते. तुमचं वर्णन प्लांटार फॅसायटिसचं वाटतं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात जो जाड पट्टा असतो तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथलं दुखणं. रात्रभर तो आखडलेला असतो म्हणून पहिलं पाऊल जड जातं. हाड वाढलेलं कितीतरी लोकांना असतं आणि त्यांची टाच दुखत नाही, त्यामुळे एक्सरे बघून घाबरू नका.

पाच हजार आत्ताच घालू नका. अमेरिकेत १९९९ मध्ये २३६ जणांवरचा एक अभ्यास आला होता, सगळ्यांना पोटरी ताणायचे व्यायाम दिलेले, आठ आठवड्यांनी सिलिकॉनचा तयार हील कप वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना बरं वाटलं आणि मापाचे बनवून घेणाऱ्यांपैकी ६८. नुसता व्यायाम करणारे ७२. म्हणजे महागाचं ते चांगलं असं इथे नाही. पाय फारच सपाट असेल किंवा ठेवण वेगळी असेल तर मापाचं बघावं.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. ओट्यापाशी तुम्ही अनवाणी उभ्या असता ना? मग बुटातला कप काय करणार, तो दाराबाहेर बसलाय. उठायच्या आधी पलंगावरच पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून दहा आकडे धरा, असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणा. बहुतेकांचं बरं होतं पण महिने जातात, धीर धरा. बधिरपणा, सूज, रात्री झोपेतही दुखणं, किंवा सोबत सकाळी कंबर ताठ, असं काही असलं तर डॉक्टरांना परत दाखवा. डायबेटीस असेल तर कुठलाही इनसोल घालण्याआधी विचारा, फोड आलेला कळतसुद्धा नाही.

पोळीवाली_ताई
हो अनवाणीच!! फरशी पण गार असते. पण स्वयंपाकघरात चप्पल म्हटलं की सासूबाई घर डोक्यावर घेतील, देव्हारा पण तिथेच आहे. डायबेटीस नाहीये, मागच्याच महिन्यात तपासलं.

नाना_सांगलीकर
आमच्याकडे पण हेच झालं होतं. हिच्यासाठी नवी कोरी एमसीआरची चप्पल आणली, ती बाहेर जातच नाही, संडास-बाथरूमलाही नाही, फक्त ओट्यापाशी. आई चार दिवस कुरकुरली, मग स्वतःसाठीच एक मागवली. बधिर पायांच्या पेशंटला देतात ती मऊ रबराची चप्पल हीच, सर्जिकल दुकानात मिळते, मापाच्या इनसोलपेक्षा खूपच स्वस्त. फक्त घेताना मागे पट्टा असलेली आणि तळाला नक्षी असलेली बघ, पोळ्या लाटताना खाली तेल-पीठ सांडतंच, गुळगुळीत तळ असला तर तव्यासकट घसरशील.