अॅडव्हान्स वॉर्स: माझे रणगाडे दुप्पट, तरी हरतो मीच

रातकिडा:
इतक्या वर्षांनी गेम बॉय अॅडव्हान्स, हातात धरून खेळायचं ते जुनं यंत्र, बाहेर काढलाय. त्यावरचा पहिला, २००१ चा अॅडव्हान्स वॉर्स, पाळीपाळीने सैन्य हलवायचा युद्धाचा खेळ. पडद्याला आतून उजेड नाही, म्हणून टेबललॅम्पखाली मान वाकडी करून बसतो आणि वर हरतो. एकाच मॅपवर, चौथ्यांदा. दर वेळी तेच. गावं घेतो, पैसे साठले की सात-सात हजारांचे रणगाडे काढतो, एका ओळीत पुलाकडे दामटतो. काल माझे सहा, कॉम्प्युटरचे तीन. चार टर्नमध्ये माझा एकच उरला, तोही १० पैकी २ एचपीचा, म्हणजे जेमतेम जीव असलेला. कॉम्प्युटर चीटिंग करतो का हो?

डोंगरमाथा:
चीटिंग कसलं, पहिला वार तो करतोय आणि तुम्ही करू देताय. या खेळात घायाळ युनिटचा मारही तितकाच घटतो. रस्त्यावरच्या रणगाड्याला समोरच्या रणगाड्याने आधी मारलं की तो एका फटक्यात साधारण निम्म्यावर येतो, आणि उलट मारतो तो त्या निम्म्या जिवानिशी. तुम्ही सहाही गाडे त्याच्या टप्प्यात नेऊन टर्न संपवता. म्हणजे पहिला फटका त्याला आंदण!
त्यात रस्ता आणि पूल, दोन्हीकडे आडोसा शून्य. जंगलाला आडोशाचे २ तारे, गावाला ३, डोंगराला ४. म्हणून पूल त्याला चढू द्या. अलीकडच्या तोंडाशी हजाराचं पायदळ उभं करा, त्याच्या पाठीला लागून तोफ. तोफेचा पल्ला २ ते ३ घरं. शेजारच्याला ती मारू शकत नाही आणि हलली तर त्या टर्नला गप्प. पण पायदळाला मारायला जो पुलावर येईल तो तोफेपासून बरोबर दोन घरांवर असेल.

पायदळवाला:
गावं घेतानाही एक बघा. गावाचे २० पॉइंट असतात आणि पायदळाचे जेवढे एचपी तेवढे दर टर्नला कापले जातात. १० असतील तर दोन टर्न, ९ असतील तर नऊ नि नऊ अठरा, तिसरी टर्न गेली. एका ओरखड्याने एक टर्न जाते. मी तर सुरुवातीला पायदळाला भांडूच देत नाही.

रातकिडा:
तोफा घेऊन पाहिल्या होत्या. तीन घरांवरचं लागतच नाही. सेनापती म्हणून मॅक्स घेऊन खेळतोय, त्याने फरक पडतो?

डोंगरमाथा:
अहो, हे आधी सांगायचं ना! मॅक्सचे रणगाडे जबर, पण तोफेचा पल्ला एका घराने कमी. त्याला फक्त दोनच घरं. तरी वरची मांडणी चालेल, दोनच घरं तर हवीत. फक्त शेवटचा घाव रणगाड्याने घाला.

रातकिडा:
केलं. पुलाच्या तोंडाशी नेमकं जंगल होतं, तिथे पायदळ. त्याचा रणगाडा आला, पायदळ ४ वर आणलं. मग तोफेने त्या रणगाड्याला ४ वर आणलं, आणि पायदळ बाजूला सरकवून माझ्या रणगाड्याने संपवलं. पुढची टर्न पुन्हा तसंच. तिसरा मात्र आलाच नाही, पलीकडे गावात बसून एचपी भरून घेतोय. आता त्याला बाहेर कसा काढू?

पायदळवाला:
त्याच्यापुढे एक रिकामी एपीसी (पायदळ वाहून नेणारी गाडी) सोडून बघा. माझ्याकडे तरी तो तिच्यावर तुटून पडतो.