मोबाईल नव्हते तेव्हाही आवई उठायचीच

वर कुणीतरी लिहिलंय की साथीच्या काळात घबराट होते ती व्हॉट्सअ‍ॅपमुळे. मला नाही पटत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता? तरी पाण्यात विष कालवल्याची आवई उठलीच, आणि लाखो माणसं शहर सोडून निघाली.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बाबांबरोबर मी औषधाच्या दुकानात गेले होते. प्लेगवर देतात ते टेट्रासायक्लिन संपलेलं, आणि पुढे उभे असलेले एक काका "निदान दोन पट्ट्या तरी द्या हो" म्हणून हात जोडत होते. तोंडाला बांधलेला रुमाल घामाने ओला झालेला. त्यांच्या घरी कुणालाही साधा तापसुद्धा नव्हता.

खरं नुकसान इथेच होतं. सुरतेतला प्लेग फुफ्फुसाचा होता, आणि तो वेळेवर औषध मिळालं तर बरा होतो. त्या गोळ्या आधी हव्या होत्या रुग्णांना आणि त्यांच्या सहवासातल्यांना. गोळ्या गेल्या धडधाकट घरांच्या कपाटांत, आणि सहवासातली माणसं गाडीत बसून कुठल्या कुठे! त्यांना शोधायचं कसं? सुरतेतले कितीतरी खाजगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले होते. त्या काकांना मी दोष देणार नाही. त्यांना विश्वासाने सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.