रेटिनाचं ऑपरेशन, डोळ्यात गॅस आणि पालथं पडून राहायचं, कसं निभावलंत तुम्ही?

वैजू
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मिस्टरांच्या उजव्या डोळ्याचा पडदा (रेटिना) सरकला. आधी कडेला चमका दिसायच्या मग काळे ठिपके तरंगायला लागले, हे आपले म्हणत राहिले की नंबर बदलला असेल (मायनसचा मोठा नंबर आहे, शाळेपासून). मग नाकाच्या बाजूने एक काळी सावली आत आत सरकत आली आणि मधोमध पोचली तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. लगेच ऑपरेशन केलं, व्हिट्रेक्टॉमी म्हणाले, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढतात, लेझर मारलं आणि आत गॅस भरलाय. आता घरी आहेत आणि मान खाली घालून पालथं राहायचं आहे. डिस्चार्जच्या कागदावर "प्रोन पोझिशन" एवढंच वाचता येतंय, त्याखाली हाताने काहीतरी खरडलंय ते आमच्या दोघांच्याही वाचनापलीकडचं आहे. सिस्टरने सांगितलं होतं पण घाईघाईत, आणि माझं तेव्हा लक्ष ड्रॉपच्या बाटल्यांकडे. रात्री कसं झोपवायचं? मान धरलीय, कंबर धरलीय, सारखी चिडचिड चालू आहे. आणि त्या डोळ्याने काहीच दिसत नाही हो, हात हलवला तर हललेला कळतो पण बोटं मोजता येत नाहीत. असंच असतं का? ज्यांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा.

निवांत
वैजूताई, दिसत नाही त्याचं आत्ता टेन्शन घेऊ नका, गॅसमधून कुणालाच धड दिसत नाही. माझंही हेच ऑपरेशन झालंय. दुखणं म्हणाल तर फार नव्हतं, डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचत राहतं तेवढंच, खरा छळ त्या मानेचा.

बसून करायचं असेल तर टेबलावर दोन उशा, त्यावर कपाळ टेकायचं, नाक-तोंड मोकळं राहील अशी फट ठेवायची. डोळ्यावर उशीचा दाब अजिबात नको. झोपताना छातीखाली एक जाड उशी घेतली की मान एवढी मुरगळत नाही. मसाज टेबलाला असतं तसं तोंडापुरतं भोक असलेलं हेडरेस्ट कुठे भाड्याने मिळालं तर बघा. फोन जमिनीवर ठेवायचा आणि ऐकायचं, दुसऱ्या डोळ्याने बघत बसलं तरी चालतं. मी जमिनीवर एक आरसा ठेवला होता म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं तोंड तरी दिसतं, नाहीतर दिवसभर नुसती लोकांची पावलं बघायची. आणि एक कुणी सांगत नाही ते सांगतो, कोपरांवर भार देऊन तासन् तास बसू देऊ नका. माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, कोपरातून जी शीर जाते ती दबते म्हणे, ते जायला डोळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. मधेमधे उठून पाय हलवायचे. जेवायला, बाथरूमला, ड्रॉप घालायला उठलं तर काही बिघडत नाही, मला तरी तासातली दहाएक मिनिटं मोकळी दिली होती.

पुढे गंमत अशी होते की एक दिवस वरच्या बाजूने उजेड येतो. आडवी रेघ दिसते, पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी डुचमळते, आणि रेघेच्या वरचं जग साफ. मग ती रेघ रोज खाली खाली जाते. गॅस खरं तर डोळ्यात वर तरंगत असतो पण पडद्यावर चित्र उलटं पडतं ना, म्हणून आपल्याला तो खाली दिसतो. शेवटी छोटासा गोल उरतो, त्याचे दोनचार तुकडे होतात आणि जातो. तुकडे झाले म्हणून घाबरू नका.

चष्मिष्ट
माझ्या डोळ्यात गॅस नव्हता, सिलिकॉन ऑइल होतं, कारण पडदा दुसऱ्यांदा सुटला होता. ऑइलचं एक बरं की बऱ्यापैकी दिसतं आणि विमानाने जाता येतं, पण ते आपोआप जात नाही, काही महिन्यांनी परत ऑपरेशन करून काढावं लागतं. तेव्हा गॅस आहे तर नशीबवानच समजा. पण कुठला गॅस ते विचारून ठेवा, एसएफ6 असेल तर साधारण 2 आठवड्यांत विरतो आणि सी3एफ8 असेल तर 6 ते 8 आठवडे धरून चला. आमच्या ओळखीत एकांना हे माहीतच नव्हतं, ते रोज सकाळी उठून "अजून का नाही गेला" म्हणून घरच्यांचं डोकं खायचे.

थिएटरमधला
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या सर्जनने सांगितलेलं आधी आणि माझं नंतर.

गॅस आहे तोपर्यंत विमान बंद, उंच डोंगरावर जाणंही बंद. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर एकदम चढतं आणि नजर कायमची जाऊ शकते. दुसरं, या काळात दातासाठी म्हणा की कशासाठी म्हणा, भूल द्यायची वेळ आली तर आधी सांगायचं की डोळ्यात गॅस आहे, नायट्रस ऑक्साइड चालत नाही, तो त्या बुडबुड्यात शिरतो आणि तेच होतं. मनगटावर डोळ्यात गॅस असल्याचा पट्टा बांधून दिला असेल तर गॅस जाईपर्यंत काढू नका, नको वाटला तरी. तिसरं, उताणं झोपायचं नाही. उताणं झोपलं की गॅस पुढे येऊन लेन्सला चिकटतो, मोतीबिंदू लवकर धरतो, प्रेशरही वाढू शकतं. झोपेत कूस बदलतात म्हणून पाठीशी उशा लावून ठेवा.

आता तुमच्या कागदाबद्दल. सावली नाकाच्या बाजूने आली म्हणताय, म्हणजे पडदा बहुतेक कानाकडच्या बाजूने सुटला होता, निवांत यांनी सांगितलं तेच, चित्र उलटं. गॅस नेहमी वर जातो, आणि पडद्याला जिथे भोक पडलंय ती जागा वर आली तरच तो त्या भोकावर बसून ते दाबून धरतो. लेझरने तिथे चिकटायला जवळपास 2 आठवडे लागतात, तोवर हा आधार. मग भोक कडेला असताना नुसतं पालथं किती दिवस? बऱ्याचदा सुरुवातीला पालथं ठेवतात, पडद्याच्या मधल्या भागाखाली साचलेलं पाणी हटावं म्हणून, आणि नंतर एका कुशीवर. त्या खरडलेल्या ओळीत तेच असेल असं मला वाटतं, पण मी किंवा इथलं कुणीही अंदाजाने सांगितलेली कूस घेऊ नका. सरळ फोन करा आणि विचारा, भोक कुठे आहे, कुठली कूस, किती दिवस. एवढं महागडं ऑपरेशन करून शेवटची ओळ वाचता येऊ नये असं लिहितात, याचा मला रोज राग येतो.

वैजू
अय्या, हे तर कुणी बोललंच नव्हतं! फोन करते. अजून एक, रात्रीपासून डोळा लाल आहे आणि पाणी येतंय, हे चालतं का?

थिएटरमधला
लाली आणि पाणी थोडे दिवस असतंच. पण ठणका लागला, सोबत डोकं दुखून उलटी झाली, लाली वाढत गेली, पू दिसला, किंवा नवी सावली आली, दिसत होतं तेही कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं.

दुर्बीण
पुढचंही थोडं ऐकून ठेवा म्हणजे नंतर धक्का नको. सावली मधोमध पोचली होती म्हणजे मॅक्युला, पडद्याचा मधला बारीक बघायचा भाग, सुटलेला, त्यामुळे गॅस गेल्यावर लगेच लख्ख दिसेल ही आशा नको. मला दाराची चौकट वाकडी दिसायची, दोन डोळ्यांत माणसाचा आकार वेगवेगळा यायचा. नजर महिनोन् महिने हळूहळू सुधारत राहते पण पहिल्यासारखी होईलच असं नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पन्नाशी उलटली असेल तर दोनेक वर्षांत त्या डोळ्यात मोतीबिंदू येण्याची शक्यता भरपूर, तो काढता येतो. दुसरा डोळा बाहुली मोठी करून तपासून घ्या, मोठ्या मायनस नंबरवाल्यांना तिकडेही पातळ जागा असतात, माझ्या त्या डोळ्याला आधीच लेझर मारून घेतलं.

आणि मिस्टर फारच वैतागले तर त्यांना सांगा, शंभरेक वर्षांपूर्वी सरकलेला पडदा म्हणजे डोळा गेलाच असं धरायचे. 1920 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं की भोक बुजवलं तर पडदा परत बसतो, आणि व्हिट्रेक्टॉमी तर रॉबर्ट मॅकेमर यांनी 1970 च्या सुमारास आणली. आता पहिल्याच ऑपरेशनात 10 पैकी 8-9 जणांचा पडदा बसतो.

वैजू
केला फोन. थिएटरमधला दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला, भोक कानाकडच्या बाजूलाच आहे. पालथं फक्त काल रात्रीपर्यंतच होतं, आता डावा गाल उशीवर ठेवून डाव्या कुशीवर आठवडाभर, आणि गॅस सी3एफ8. यांनी ऐकल्या ऐकल्या कूस घेतली आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. पाठीशी उशा लावल्यात. निवांत, करंगळीचं विचारलं तर म्हणे दोन दिवस मुंग्या येतच होत्या, पण बोलले नव्हते. या माणसाला काय म्हणावं!